मालकाचं पाचवं कर्तव्य

काम कोणी संपवायचं असतं, करणाऱ्यानं की करवून घेणाऱ्यानं? आमच्या खाणीच्या कार्यालयात सगळ्या कर्मचाऱ्यांनी ऑफिसचा मेल आपापल्या मोबाइलवर घ्यायचा असं ठरलं, तेव्हापासून या प्रश्नानं माझा पिच्छा सोडलेला नाही. वर्षावासाचे दिवस आहेत. कन्हानला आमच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात. त्या आठवड्यात वाचनाची पाळी माझी होती आणि गृहस्थांच्या विनयाचा भाग आला होता. मुलांचा विनय, शिष्यांचा, पतिपत्नींचा, आणि त्यानंतर मालक आणि नोकर यांचा. बाबासाहेबांनी तो फार लहान ठेवला आहे. मी वाचून पान उलटणार तोच मागून एक म्हातारे बाबा म्हणाले, ‘‘हे अजून एक डाव वाच बाई.’’ ऐकणाऱ्यांत निम्मे लोक कोळशाच्या नोकरीतले. काही आजही आहेत, काहींनी अंगातलं बळ देऊन ती पुरी केली आहे. मी तो भाग पुन्हा वाचला, या वेळी सावकाश.

हा विनय येतो दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तातून. राजगृहातला सिगाल नावाचा गृहपतिपुत्र पहाटे गावाबाहेर येतो, ओलेत्या वस्त्रांनी आणि ओल्या केसांनी सहा दिशांना हात जोडतो. बापानं मरताना सांगितलं होतं म्हणून. भिक्षेला निघालेले तथागत त्याला पाहतात. ते त्याची टिंगल करत नाहीत, की बापाचा शब्द मोडायलाही सांगत नाहीत. ते त्याला दिशा म्हणजे काय ते सांगतात. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकापोरं, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. आणि खालची दिशा म्हणजे दास आणि कामकरी. नमस्कार करायचा तो या नात्यांना, आणि नमस्कार म्हणजे त्या नात्यातलं आपलं कर्तव्य पार पाडणं.

माझ्या बाबांचं सगळं आयुष्य त्या खालच्या दिशेला गेलं. ते भूमिगत खाणीत लोडर होते. म्हणून सिगालाच्या सहा दिशांपैकी ही एक मला पोथीतली वाटत नाही.

त्या दिशेसाठी मालकाची पाच कर्तव्यं सांगितली आहेत. माणसाच्या ताकदीप्रमाणे काम द्यावं. अन्न आणि मजुरी द्यावी. आजारपणात बघावं. घरी काही गोडधोड, विशेष आलं तर त्यातला वाटा द्यावा. आणि पाचवं, वेळच्या वेळी त्याला कामातून मोकळं करावं. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी या सुत्ताची अट्ठकथा, म्हणजे भाष्य, लिहिली. त्यांनी या पाचव्या कर्तव्याचे दोन भाग केले आहेत. एक रोजचा: दिवसभर काम करणारी माणसं थकतात, तेव्हा ती थकून जाऊ नयेत अशा बेतानं वेळ ओळखून त्यांना सोडावं. दुसरा सणावाराचा: उत्सवाच्या दिवशी त्यांना ल्यायला-खायला देऊन मोकळं करावं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की वेळ ओळखायची जबाबदारी मालकावर टाकली आहे. थकव्याचा हिशोब थकणाऱ्यानं मांडायचा, मग अर्ज करायचा, मग मंजुरीची वाट बघायची, असं तिथं नाही.

आता मेलचं सांगते. जोडणी करून द्यायला आयटीचा पोरगा आला होता. भला पोरगा आहे, त्याला दिवसभरात सगळ्या टेबलांवर जायचं होतं. त्यानं मेलचा पत्ता टाकला, पासवर्ड मी टाकला, मग सर्व्हरचं नाव. सुरक्षेच्या रकान्यात एसएसएल. ओटीपी आला. इथपर्यंत मी बघत होते आणि मला कळत होतं. मग एक पान उघडलं. त्यात लिहिलं होतं की हे खातं जोडलं तर कार्यालयाला या फोनवर काही अधिकार मिळतील: स्क्रीनलॉक कसं असावं ते ठरवण्याचा, फोन दुरून लॉक करण्याचा, आणि गरज पडली तर फोनमधलं सगळं पुसून टाकण्याचा.

‘‘मॅडम, खाली अ‍ॅक्टिव्हेट आहे न, ते दाबून द्या. झालं.’’

मी दाबलं नाही. त्याला म्हटलं, बाकीच्यांचं करून ये, मला हे वाचू दे.

कार्यालयाची बाजू मला समजते. माझ्याकडे आस्थापनेचं काम आहे. माणसांचे भविष्यनिर्वाह निधीचे खाते क्रमांक, आधार, मेडिकल अनफिटच्या फायली, वारसांची नावं, कोणाच्या घरी कोण हक्क सांगतंय त्याचे वाद, हे सगळं माझ्या मेलमध्ये येतं. फोन बाजारात हरवला तर हे कोणाच्याही हाती पडू नये, यासाठी दुरून पुसता येणं गरजेचंच आहे. पण त्याच फोनमध्ये माझ्या बाबांचा शेवटच्या वर्षातला आवाज आहे, आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या आहेत, मुलीशी झालेलं बोलणं आहे. फोन मी माझ्या पगारातून घेतला आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचा पुसून टाकण्याचा हक्क असावा, हा करार एका बटणानं होतो आणि त्याला करार असं कोणी म्हणत नाही.

तरी मला जास्त विचार करायला लावला तो त्यानंतरच्या पानानं. मेल किती वेळानं आणायचा? तिथं पर्याय असतात: हातानं, तासानं, पंधरा मिनिटांनी, किंवा पुश, म्हणजे आला की लगेच. आधीच निवडलेला असतो तो पुश.

मेलची मूळ व्यवस्था थांबून राहण्याची आहे. कोणी मेल पाठवला की तो सर्व्हरवर आपल्या नावाच्या पेटीत जाऊन पडतो, आणि आपण जाऊन काढेपर्यंत तिथंच राहतो. पूर्वी संगणक उघडला की तो सर्व्हरला विचारायचा, काही आलंय का. आलं असेल तर घेऊन यायचा. १९९७ साली या पद्धतीत एक भर पडली. आपलं यंत्र आणि सर्व्हर यांच्यातली लाइन उघडी ठेवायची, आपण काही विचारायचं नाही, नवीन काही आलं की सर्व्हरनंच सांगायचं. पुढे मोबाइलवर हीच रीत झाली. काम तेच, कागद तेच, वेगही फारसा वेगळा नाही. बदललं ते एवढंच की आधी मी कामाकडे जात होते आणि आता काम माझ्याकडे येतं, मी स्वयंपाक करत असले तरी, विहारात बसले असले तरी.

बाबांच्या खाणीत हे कसं होतं ते इथं सांगितलं पाहिजे, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. खाली उतरण्याआधी माणूस बत्तीघरात जायचा. तिथं नंबरवार टांगलेल्या कॅपलॅम्प असायच्या, रात्रभर चार्ज झालेल्या. आपल्या नंबरची बत्ती घ्यायची, बॅटरी कमरेला बांधायची, दिवा टोपीला लावायचा. हाजरीबाबूकडे नोंद व्हायची. पाळी सुटली की वर येऊन बत्ती जमा करायची. जमा न झालेली बत्ती म्हणजे एक माणूस अजून खाली आहे. मग शोधाशोध सुरू व्हायची. खाली कोण गेलं आणि वर कोण आलं याची नोंद ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. १९५२ च्या खाण कायद्यानं जमिनीखालच्या माणसाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली, आणि आठवड्यात सहा दिवसांहून जास्त कोणाला कामावर घ्यायचं नाही असंही सांगितलं.

ही सगळी व्यवस्था जीव वाचवण्यासाठी होती. पण तिच्यामुळे आणखी एक गोष्ट होत असे. काम संपणं ही दोन माणसांमध्ये घडणारी क्रिया होती. एकानं बत्ती दिली, दुसऱ्यानं घेतली, नंबर खिळ्यावर गेला. त्या क्षणी खाण आणि माणूस एकमेकांपासून सुटले. बाबा घरी आले की मी लहान असताना विचारायची, आज खाली काय झालं. ते म्हणायचे, ‘‘बत्ती जमा केली न मी, आता खाणीचं काहून विचारतं व?’’ ते रागावून म्हणत नसत. त्यांच्या दृष्टीनं तो विषय खरोखरच बत्तीघरात राहिलेला असायचा. अंगाला कोळसा असायचा, खोकला असायचा, पण पुढचे सोळा तास त्यांच्यावर खाणीचा दावा नसायचा.

त्या कष्टाचं मला उदात्तीकरण करायचं नाही. ते आयुष्य फार कठीण होतं आणि ते माझ्या मुलीच्या वाट्याला येणार नाही याचं मला समाधान आहे. माझी खुर्ची, पंखा, संगणक हे सगळं बाबांच्या शरीरावर उभं आहे. त्यांच्या मागं, वारस म्हणून, मला ही नोकरी मिळाली. तरीसुद्धा पाचवं कर्तव्य त्यांच्या बाबतीत रोज पाळलं जात होतं आणि माझ्या बाबतीत ते कोण पाळतंय हे मला सांगता येत नाही. साहेब म्हणतील, मी कुठं सांगितलं रात्री मेल बघा म्हणून? खरं आहे. त्यांनी नाही सांगितलं. पण त्यांनी सोडलंही नाही. उघड्या लाइनीच्या व्यवस्थेत बांधणारा कोणी दिसत नाही, आणि म्हणून सोडणाराही कोणी उरत नाही.

विहारात याबद्दल बोलणं झालं तेव्हा एका निवृत्त गुरुजींनी अडवलं. ते स्वतः साधना करतात, त्यांचा शब्द हलका नसतो. ते म्हणाले, ‘‘बाई, मन आपलं तयार पाहिजे. फोन वाजला त वाजला. वाजणं म्हणजे काय, नुसता स्पर्श आहे. त्याच्या मागं धावायचं का नाही, हे आपल्या हातात आहे न.’’

प्रतीत्यसमुत्पादाची साखळी ते बरोबर सांगत होते. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा. फोन थरथरतो तो स्पर्श. छातीत काहीतरी आवळतं ती वेदना. आत्ताच बघून मोकळं व्हावं, ही तृष्णा. वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये जागं राहता आलं तर साखळी तुटते. मी हे खोटं म्हणणार नाही. मी अनुभवलं आहे. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमध्ये त्या शांततेत बसल्यावर थोडा वेळ तरी मन तिथं राहतं. १९९९ मध्ये ते उभं राहिलं तेव्हा कन्हान नदीच्या अलीकडचे-पलीकडचे आम्ही सगळे ते बघायला गेलो होतो; आता तिथं विपश्यना केंद्रही झालं आहे, २०१७ मध्ये राष्ट्रपती त्याच्या उद्घाटनाला आले होते. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिल्या दिवशी मोबाइल जमा करून घेतात, हे सर्वांना माहीत आहे.

पण त्या दहा दिवसांसाठी आधी काय लागतं? रजा लागते. अर्ज भरावा लागतो, शिल्लक रजा बघावी लागते, साहेबांची सही लागते. कोणीतरी आपल्याला सोडलं तरच आपण सोडायला शिकण्यासाठी जाऊ शकतो. साधनेच्या आधी मोकळीक येते, हा क्रम गुरुजींच्या बोलण्यात उलटा झाला होता. मी त्यांना नम्रपणे एवढंच विचारलं, तथागतांनी सिगालाला असं का नाही सांगितलं की तुझ्या कामकऱ्यांना मन घट्ट करायला शिकव? ज्यांनी चित्ताबद्दल जगाला इतकं दिलं, त्यांनी मालकासमोर बोलताना कामकऱ्याच्या चित्ताचा विषयच काढला नाही. त्यांनी मालकाला सांगितलं, तू सोड. ज्याच्या हातात दोरी आहे त्याच्याशी ते दोरीबद्दल बोलले.

आजकाल पगारदार माणसांना ताण कमी करण्याचे वर्ग घेतात, श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवतात, आणि त्याच संध्याकाळी आठ वाजता उद्याच्या सकाळपर्यंत हवं असलेलं विवरणपत्र मागवतात. यात धम्माचा उपयोग मालकाचं कर्तव्य कामकऱ्याच्या गळ्यात घालण्यासाठी होतो. याचा मला मनापासून त्रास होतो.

गुरुजींकडे आणखी एक मुद्दा होता आणि तो पहिल्यापेक्षा जड होता. सुत्तात नोकराचीही पाच कर्तव्यं आहेत. त्यांतली पहिली दोन अशी: मालकाच्या आधी उठावं आणि मालकाच्या नंतर झोपावं. मग मालक जागा असेपर्यंत फोन चालू ठेवणं हे धम्माला धरूनच नाही का?

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. सुत्तातला कामकरी मालकाच्या घरात, अंगणात राहणारा आहे. मालक झोपला की दिवा मालवला जातो, आणि तो दिवा दोघांनाही दिसतो. माझा मालक कोण आहे? एक साहेब नागपूरच्या मुख्यालयात, एक इथं, एक दौऱ्यावर, आणि मेल पाठवणारी यंत्रणा तर झोपतच नाही. जो कधीच झोपत नाही त्याच्यानंतर झोपायचं हे कर्तव्य कोणी पार पाडू शकत नाही, आणि जे पार पाडताच येत नाही ते तथागत कोणाला सांगणार नाहीत. दुसरं म्हणजे सुत्तातली मांडणी एका ओघात आहे. मालक आधी पाच गोष्टी करतो, आणि असा सांभाळला गेलेला कामकरी मग आपल्याकडून पाच गोष्टी देतो. त्याचं लवकर उठणं हे त्या सांभाळण्याला दिलेलं उत्तर आहे. पाचवं कर्तव्य गाळून त्याच्या जागरणावर हक्क सांगणं म्हणजे अर्धं सुत्त वाचणं.

बाबासाहेबांनी सुत्त पूर्ण वाचलं होतं, असं मी म्हणते, कारण त्यांनी ते दोन ठिकाणी लिहिलं. एकदा धम्माच्या ग्रंथात आणि त्याआधी कायद्यात. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले, कामगारांची घरं बघितली. १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्यांतल्या कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्यांनी कामगारांना सहनशक्ती वाढवायचा उपदेश केला नाही, मालकाच्या हातातलं घड्याळ कायद्याला बांधलं. आमच्या घरात १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण आजोबांपासून आलेली आहे. मला वाटतं, दीक्षाभूमीवरचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा या एकाच माणसाच्या एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत, आणि आम्ही पहिलीचा उत्सव करतो तेवढी दुसरीची आठवण ठेवत नाही.

त्यांच्याही आधी हे भांडण धर्माच्या भाषेत एकानं मांडलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीरावांच्या सत्यशोधक परंपरेतले, ‘दीनबंधू’चे संपादक, मुंबईच्या गिरणीत भांडारपाल राहिलेले. गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सभा घेतली, दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुटी मान्य केली. लोखंड्यांच्या मागणीत एक कारण असं होतं की रविवार हा खंडोबाचा वार आहे. दुसरं असं की सहा दिवस माणूस पोटासाठी राबतो, एक दिवस त्याला समाजासाठी मिळाला पाहिजे.

मी बावीस प्रतिज्ञांच्या घरातली. खंडोबाला मी हात जोडत नाही. तरी लोखंड्यांचं ते पहिलं कारण मला ओलांडून जाता येत नाही. मालक म्हणतो, हा तुझा वेळ मी विकत घेतला आहे. कामगार नुसतं ‘मी थकलो’ म्हणाला तर मालक जास्त मजुरी देऊन तोंड बंद करू शकतो, कारण थकव्याचा भाव ठरवता येतो. पण ‘हा दिवस माझा नाही, तुझाही नाही, तो दुसऱ्या कोणाचा आहे’ असं म्हटलं की सौदाच थांबतो. खंडोबाच्या जागी कोणी समाज ठेवेल, कोणी उपोसथाचा दिवस ठेवेल. पौर्णिमेला अष्टशील घेऊन बसलेली माझी आई ज्या वेळेत बसलेली असते तो वेळ तिनं कोणाकडून विकत घेतलेला नसतो. विक्रीला नसलेला वेळ असतो, हे मान्य करणं हाच मला धर्माचा गाभा वाटतो, मग त्याचं नाव काहीही असो. पुश चालू असलेल्या फोनमध्ये असा वेळ कुठं ठेवायचा, याला रकाना नाही.

आता खाणीचं काम जाणणारा माणूस विचारेल की रात्री संकट आलं तर? हा प्रश्न मी टाळणार नाही. छिंदवाड्याच्या कोळसापट्ट्यात, न्यूटन चिखलीच्या खाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी शिरलं आणि ६३ माणसं गेली. जुने लोक अजूनही पावसाळ्यात नदी फुगली की ती गोष्ट काढतात. अशा रात्री भोंगा वाजलाच पाहिजे, झोपलेल्याला उठवलंच पाहिजे, आणि जो उठणार नाही त्याला मी धम्मातला म्हणणार नाही. पण पाणी शिरल्याची खबर मेलनं पाठवत नाहीत. फोन करतात, माणूस धावत पाठवतात. भोंग्याचं एक बळ असतं की तो क्वचित वाजतो. महिन्याचं विवरणपत्र, बैठकीची वेळ बदलल्याची सूचना, कोणाच्या वेतनवाढीचा खुलासा, हे सगळं भोंग्याच्याच आवाजात यायला लागलं तर खऱ्या रात्री कोणी कान टवकारणार नाही. जागृती आणि सततची धास्ती यांत धम्मानं फरक केला आहे. अप्रमाद म्हणजे प्रत्येक टुणकन आवाजाला दचकणं नव्हे.

मग मी काय केलं ते सांगते, कारण नुसतं तत्त्व सांगून कोणाचं भागत नाही. आयटीच्या पोराला पुन्हा बोलावलं आणि विचारलं की फोनचा वेगळा भाग करून त्यात मेल ठेवता येईल का. त्याला ते माहीत होतं. अँड्रॉइडच्या फोनमध्ये वर्क प्रोफाइल म्हणून सोय असते. ऑफिसची अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यांच्यावर बॅगेचं छोटं चिन्ह दिसतं. कार्यालयाला पुसायची वेळ आली तर तेवढा कप्पा पुसला जातो, बाकीच्या फोनला हात लागत नाही. आणि तो कप्पा एका बटणानं बंद करता येतो; बंद केला की त्यातली अ‍ॅप झोपतात, सूचना येत नाहीत. आमच्या कार्यालयाच्या व्यवस्थेत ते बसत होतं, कोणी विचारलं नव्हतं इतकंच. त्यानं करून दिलं, आणि नंतर माझ्या शेजारच्या टेबलांवरही करून दिलं.

तेवढ्यावर मी थांबले असते तर गुरुजींचंच म्हणणं खरं ठरलं असतं, कारण मीच बांधायचं आणि मीच सोडायचं. म्हणून साहेबांना भेटले. म्हटलं, साहेब, सहा वाजता मी हे बंद करीन, काही तातडीचं असलं तर फोन करा, मी उचलीन, रात्री दोनला केला तरी उचलीन. ते थोडं थांबले आणि म्हणाले, ‘‘ठीक आहे. तुम्ही बंद करा.’’ एवढंच वाक्य मला हवं होतं. बटण माझ्याच बोटानं दाबलं जातं, पण सोडलं आहे त्यांनी.

हे एका बऱ्या साहेबाच्या मर्जीवर राहू नये, असं मला वाटतं. फ्रान्सनं १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काबद्दल कामगारांशी बोलणी करणं बंधनकारक केलं. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून तसा हक्क आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत याचं खासगी विधेयक मांडलं, २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयक संसदेत मंजूर होऊन कायदा झाल्याची शेवटची घटना १९७० सालची आहे, तेव्हा यातून काय निघेल हे मी सांगू शकत नाही. पण मागणी लोखंड्यांच्याच मुंबईला, बाबासाहेबांच्याच महाराष्ट्राला शोभणारी आहे.

सुत्ताची दुसरी बाजू मला उशिरापर्यंत बसवून ठेवते. मीही कोणाच्या तरी वर आहे. माझ्या मेलवर हाजरीचे आकडे भरणारे दोन कनिष्ठ बाबू आहेत. रात्री काही आठवलं की लिहून ठेवते आणि सकाळी नऊची वेळ लावून पाठवते. मेलमध्ये तशी सोय असते. त्यांना वेळेवर सोडणं हे माझ्याकडचं कर्तव्य आहे, माझ्या साहेबांनी मला सोडलं असो वा नसो.

आणि त्यांच्याही खाली ठेक्याची माणसं आहेत. मातीचे ढिगारे उपसणारे, डंपर चालवणारे, टेकाडीच्या आणि कांद्रीच्या वस्तीत भाड्यानं राहणारे, त्यांतले बरेच दूरच्या राज्यांतून आलेले. त्यांना ऑफिसचा मेल नाही, कप्पा नाही, बॅगेचं चिन्ह नाही. रात्री साडेदहाला ठेकेदाराच्या माणसाचा फोन येतो की उद्या पहाटे गाडीवर ये. उचलला नाही तर गाडी दुसऱ्याला जाते. त्यांच्यासाठी फोन बंद करणं म्हणजे रोजी बंद करणं. सुत्तात दास आणि कामकरी दोघांचं नाव एकत्र घेतलं आहे, पगारी बाबूंचं वेगळं नाही. पाचवं कर्तव्य कुठं पाळलं जातं हे तपासायचं तर तिथं तपासायला हवं.

आश्विन पौर्णिमेच्या आत हा भाग मी टेकाडीला वाचणार आहे, हिंदीत समजावून सांगावा लागेल तर तसा. भन्तेजींनी विचारलं की ठेकेदारांनाही बोलवायचं का. मी हो म्हटलं. त्यांच्यातले काही दर पौर्णिमेला विहारात येतात, खिरीचं दूध तेच देतात, आणि तथागत बोलले ते मालकाशीच होते.